आधी वाचा, भाऊसाहेब

एप्रिल संपत आला होता. बीडच्या घराच्या गच्चीवर मी सकाळी झाडांना पाणी घालत होतो, तेवढ्यात फोन वाजला. पलीकडून अश्विनी बोलत होती. "भाऊसाहेब, आजी गेली," एवढं म्हणाली आणि थांबली. मग सावरून म्हणाली, "पहाटं गेली. तरास न्हाई झाला. दुपारच्याला न्यायचं हाय. तुमाला कळवलंच पाहिजे, असं समदे म्हणले..." मी नळ तसाच वाहता ठेवून खाली आलो. बायकोनं माझ्या चेहऱ्याकडे पाहून विचारलं, "कोण?" मी म्हणालो, "कौसाबाई." तिनं पुढे काही विचारलं नाही. माझ्या नोकरीतली सगळ्यात मोठी शिक्षा मला ज्या बाईमुळे झाली, तिच्या मयतीला मी घाईघाईनं निघालोय, याचं तिला नवल वाटलं नाही. उलट तिनंच पिशवीत पाण्याची बाटली आणि टॉवेल भरून दिला.

त्या गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. शिरूर कासार तालुक्यात आहे, एवढं पुरे. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्यांचे ट्रक येतात, त्यात कोयते, भांडी, कोंबड्या आणि लेकरं चढवली जातात आणि निम्म्याहून जास्त गाव कारखान्यांच्या मुलखात निघून जातं. ते परत येतं गुढीपाडव्याच्या आसपास. मधले पाच-सहा महिने गावात म्हातारी माणसं, शेरडं आणि दारांना लावलेली कुलपं. या गावात मी नऊ वर्षं ग्रामसेवक होतो. ग्रामसेवकाला आमच्याकडे भाऊसाहेब म्हणतात, म्हणून अश्विनीच्या तोंडी अजूनही तेच.

तेव्हा मुंबईत ज्या पक्षाचं राज्य होतं, त्याच पक्षाची जिल्हा परिषद, त्याचीच पंचायत समिती आणि त्याचीच आमची ग्रामपंचायत. हे इतकी वर्षं चाललं होतं की पक्ष वेगळा आणि सरकार वेगळं, असं गावात कुणाला सांगितलं असतं तर तो हसला असता. गावापुरता पक्ष म्हणजे मालक. सगळं गाव त्यांना मालकच म्हणायचं. सरपंचपद महिलेसाठी राखीव झालं तेव्हा त्यांच्या सूनबाई सरपंच झाल्या. त्यांना मी पाच वर्षांत दोनदा पाहिलं. मालक माणूस म्हणून वाईट नव्हते. कुणाच्या पोटात दुखायला लागलं तर रात्री-अपरात्री स्वतःची जीप काढून द्यायचे. पण त्यांना कधी कुणी काही विचारलंच नव्हतं, आणि वर्षानुवर्षं कुणी काही न विचारलेल्या माणसाचं जे होतं, ते त्यांचं झालं होतं.

वर्षाला चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. त्यातली सव्वीस जानेवारीची नेमकी गाव रिकामं असताना येते. पुरेशी माणसं जमली नाहीत तर सभा तहकूब करायची सोय आहे, पण मालकांना त्यात कमीपणा वाटायचा. "आपल्या गावात सभा तहकूब होत नसती, भाऊसाहेब," ते म्हणायचे. मग झेंडावंदन उरकलं की त्यांच्या बंगल्याच्या ओट्यावर चहा व्हायचा आणि मी तिथेच प्रोसिडिंग लिहायला बसायचो. सभेचं इतिवृत्त लिहायचं ते जाडजूड रजिस्टर. हजेरीचा कागद असायचा शिपाई नामदेवकडे. नामदेव स्टॅम्पपॅड पुढ्यात घेऊन एकेका नावापुढे एकेक बोट उठवायचा. दोन्ही हातांची दहा बोटं संपली की पुन्हा पहिल्यापासून. काम झालं की नळाखाली दगडानं घासून घासून बोटं धुवायचा. अख्खं गाव त्याच्या दहा बोटांत हजर असायचं. आणि खाली मी माझ्या वळणदार अक्षरात लिहायचो, 'ठराव सर्वानुमते मंजूर.' मला त्यात काही चुकतंय असं वाटत नव्हतं. हे आज लिहायला जड जातंय, पण कौसाबाईंवर लिहायचं तर इथूनच सुरुवात करावी लागते.

कौसाबाई तेव्हा पन्नाशीच्या होत्या. उंच, काटक, आवाज खणखणीत. तेराव्या वर्षी लग्न झालं त्याच साली हातात कोयता आला, तो सुटला नव्हता. नवरा वारल्यावर मुलगा-सुनेबरोबर जायच्या. बरोबर नात असायची, अश्विनी. मी सांगतोय त्या सालाआधी दोन हंगाम गावात मुलांसाठी हंगामी वसतिगृह चाललं होतं. आईबाप तोडीला गेले तरी लेकरांनी समाजमंदिरात राहायचं, जेवायचं आणि शाळेत जायचं, अशी ती सोय. अश्विनी दोन वर्षं तिथे राहिली होती. तिसऱ्या वर्षी वसतिगृह उघडलंच नाही. दारात ट्रक उभा, शाळेला कुलूप घातल्यागत सगळे गप्प... पोरगी गेली आजीबरोबर फडात. पाडव्यानंतर परत आल्या त्याच आठवड्यात कौसाबाई पंचायतीत आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "भाऊसाहेब, आवंदा होष्टेल कावून उघडलं न्हाई?"

मी रजिस्टरवरून मान वर न करता सांगितलं, "मावशी, यंदा मागणीच गेली नाही, आणि आता तर त्याची गरज नाही असा ग्रामसभेनंच ठराव केलाय. सव्वीस जानेवारीला. पुढच्या सालापासून समाजमंदिर दुसऱ्या कामाला द्यायचं ठरलंय."

"ठराव कुनी केला?"

"गावानं. तुम्हीही होतात की."

हे मी सवयीनं बोलून गेलो. त्या आत आल्या आणि माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. "मी व्हते? वाचा बरं." नऊ वर्षांत मला कुणी प्रोसिडिंग वाचायला सांगितलं नव्हतं. मी ठराव वाचला. मग म्हणाल्या, "माजं नाव कुटं हाय ते दावा." मी हजेरीच्या कागदावर बोट ठेवलं. नाव होतं, नावापुढे 'निशाणी डावा अंगठा' होतं आणि त्यावर निळा, गोल, भरलेला ठसा होता. कौसाबाई त्या ठशाकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग त्यांनी आपला डावा हात पदरातून काढून कागदाशेजारी टेबलावर ठेवला. अंगठ्याचं वरचं पेर तिरकं तुटलेलं होतं. डाव्या हातात ऊस धरून उजव्यानं कोयता मारताना कधीतरी गेलेलं.

"ह्यो पुरा हाय, भाऊसाहेब," त्या म्हणाल्या. "माजा अर्दा हाय."

आवाज चढला नाही, शिवी नाही. त्या हात पदरात घेऊन निघून गेल्या. मी तो कागद लगेच कपाटात टाकला आणि कुलूप लावलं.

आठ दिवसांनी माहिती अधिकाराचा अर्ज आला. शिरूरला तहसीलच्या आवारात अर्ज लिहून देणारे बसतात, त्यांच्यापैकी एकाकडून लिहून घेतलेला. खाली तो अर्धा अंगठा. सव्वीस जानेवारीच्या सभेच्या हजेरीची आणि ठरावाची प्रत पाहिजे, एवढीच मागणी. मालकांना दाखवला. त्यांनी वाचलाही नाही. "सापडत न्हाई म्हणून कळवा," म्हणाले. मी तसं कळवलं. 'सदर अभिलेख आढळून येत नाही.' कपाटाची किल्ली माझ्याच खिशात होती. कौसाबाईंनी पंचायत समितीत अपील केलं. सुनावणीला तिथल्या साहेबांनी आम्हा दोघांना समोर बोलावलं, मला बसायला खुर्ची दिली आणि त्यांना म्हणाले, "बाई, नसलेला कागद कुठून देणार?" त्या म्हणाल्या, "सायेब, दोन म्हैन्यामागं मी त्यो कागद ह्या डोळ्यांनी बघितलाय." साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. अपील निकाली निघालं. बाहेर पडताना मला वाटलं, संपलं. पायऱ्या उतरताना त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पंधरा आगस्टला आमी समदे गावात असतो न्हवं का?"

पावसाळाभर त्या घरोघर फिरल्या. भाषण केलं नाही, मोर्चा काढला नाही. एकेका घरात बसून विचारायच्या, "सव्वीस जानेवारीला तू कुटं व्हतीस?" कुणी सांगायचं कर्नाटकात, कुणी साताऱ्याकडं, कुणी फडाशेजारच्या पाचटाच्या कोपीत बाळंतीण होते. मालकांच्या कानावर हे गेलं तेव्हा ते हसले. मला मात्र हसू येत नव्हतं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी त्या थेट बीडला माझ्या घरी आल्या. बायकोनं पाणी दिलं, चहा दिला. माझी मुलगी तेव्हा अश्विनीच्याच वयाची. समोर बसून चित्रात रंग भरत होती. कौसाबाई तिच्याकडे बघत होत्या. मी म्हणालो, "मावशी, माझ्या हातात काही नाही." त्या म्हणाल्या, "मी मागाया न्हाई आले. येवडंच ईचाराया आले. पंधरा आगस्टला मी म्हनले वाचा, तर तुमी वाचाल का न्हाई?" त्यांनी चहा संपवला, कपबशी स्वतः धुऊन ठेवली आणि गेल्या. त्या गेल्यावर बायकोनं एकच प्रश्न विचारला. "कसला कागद?" तिला सगळं सांगताना मला पहिल्यांदा लाज वाटली.

पंधरा ऑगस्टला शाळेच्या मैदानात झेंडावंदन झालं आणि माणसं घरी गेलीच नाहीत. दरवर्षी लाडू घेऊन पांगणारी बायामाणसं मैदानात खाली बसली, एकमेकींना खेटून, पुढच्या रांगेपासून मागच्या भिंतीपर्यंत. मालक खुर्चीवर. मी टेबलामागे, पुढ्यात रजिस्टर. मालक म्हणाले, "चला भाऊसाहेब, विषय सांगा."

कौसाबाई उभ्या राहिल्या. "आदी जानेवारीच्या सभेचं वाचा."

"बस खाली, बाई. ते झालेलं हाय."

"बसते की, मालक. बसायलाच आलेय. आदी वाचा, भाऊसाहेब."

मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करायचं, हा नियमच आहे. मी तो नऊ वर्षं 'वाचून कायम केले' असं लिहून पाळत आलो होतो. एक मेची सभाही आम्ही ओट्यावरच उरकली होती, म्हणून जानेवारीचं इतिवृत्त गावापुढे आलंच नव्हतं. मालकांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत धमकी नव्हती, खातरी होती. माझ्याबद्दलची त्यांची ती खातरीच मला त्या क्षणी झोंबली. मी रजिस्टर उघडलं, मधे ठेवलेला हजेरीचा कागद काढला. सकाळी झेंडावंदनाआधी तो पंचायतीच्या कपाटातून काढून आणला होता; काढणार आहे हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. मी नावं वाचायला लागलो.

पहिलं नाव वाचलं. मैदानातून आवाज आला, "न्हवतो. बेळगावकडं व्हतो." दुसरं नाव. "न्हवते." तिसरं. "न्हवतो." हळूहळू त्याला एक ताल आला. मी नाव घ्यायचो आणि कुठूनतरी "न्हवते" यायचं. एक नाव घेतलं आणि कुणीच बोललं नाही. मी पुन्हा घेतलं. मागून एक म्हातारा म्हणाला, "भाऊसाहेब, त्यो गेल्या पोळ्यालाच वारला की." मैदानभर हशा उठला आणि लगेच विझला. सगळ्यांनाच उमगलं होतं की गावात मेलेला माणूसही हजर राहतो, हात वर करतो, सर्वानुमते असतो. कौसाबाईंचं नाव आलं. त्यांनी फक्त डावा हात वर केला आणि अंगठा सगळ्यांना दिसेल असा धरला. त्या दिवशी नामदेव शिपाई शाळेच्या व्हरांड्यात उभा होता. त्यानं आपले दोन्ही हात पाठीमागे नेले.

यादी संपली तेव्हा मी माझ्या तोंडानं सांगितलं, "ही हजेरी खोटी आहे. ठराव मी लिहिला. त्या दिवशी सभा झालीच नव्हती." सगळ्यांना ऐकू गेलं. मालक उठले, उपरणं झटकलं आणि निघून गेले. सभा मात्र मोडली नाही. हात वर करून मोजणी झाली, दोनदा. जुना ठराव रद्द झाला, वसतिगृहाची मागणी मंजूर झाली. मी लिहिलं, आणि कौसाबाईंनी सांगितलं म्हणून लिहिलेलं सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. मगच त्यांनी अंगठा उठवला.

माझी चौकशी लागली. निलंबित झालो. चौकशीला तालुक्याहून विस्तार अधिकारी आले, त्यांनी गावकऱ्यांचे जबाब घेतले. मला मनातून आशा होती की कौसाबाई माझ्या बाजूनं दोन शब्द बोलतील. त्यांनी सांगितलं ते मला पाठ आहे. "ह्यांनी खोटं लिव्हलं, ते बी लिवा. आन् वाचलं बी ह्यांनीच, ते बी लिवा." कमी नाही, जास्त नाही. तेव्हा राग आला. पुढे कळलं, माझ्याबद्दल इतकं खरं आयुष्यात दुसरं कुणीच बोललेलं नाही. काही महिन्यांनी नोकरीवर परत घेतलं आणि आष्टी तालुक्याच्या टोकाला बदली केली. तिथे मी निवृत्त होईपर्यंत सभेला वाचून न दाखवलेलं एकही पान ठेवलं नाही.

त्या दिवाळीनंतर मी निलंबित असतानाच मुद्दाम गावात गेलो होतो. समाजमंदिरातून मालकांच्या पुतण्याची खताची पोती बायांनी स्वतः उचलून बाहेर ठेवली होती, ओळीनं, एकही न फाडता. आत सतरंज्या होत्या, भिंतीला नवा चुना. ट्रक आला. कोयते चढले, भांडी चढली, कोंबड्या चढल्या, आणि लेकरं खालीच राहिली. अश्विनी दप्तर पोटाशी धरून रडत होती. कौसाबाई ट्रकच्या फाळक्यावरून वाकून ओरडल्या, "रडती कावून गं? मी ह्यासाटीच भांडले न्हवं!" आणि स्वतःच रडायला लागल्या... सगळा ट्रक हसत होता आणि रडत होता. अश्विनी आता नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे.

त्यानंतर गावानं एक पद्धत पाडली. टोळ्या निघायच्या आधी विशेष ग्रामसभा घ्यायची, महत्त्वाचं सगळं तिथेच ठरवायचं, आणि हंगामात गावाबाहेर असलेल्या माणसाचं नाव हजेरीत आलंच नाही पाहिजे. आष्टी तालुक्यातल्या कड्याकडच्या एका गावातल्या बाया जीप करून कौसाबाईंना ऐकायला आल्या होत्या. कौसाबाई स्वतः वाचायला शेवटपर्यंत शिकल्या नाहीत, नातीनं पुष्कळ प्रयत्न केले तरी. एक शब्द मात्र आकारावरून ओळखायच्या. 'सर्वानुमते.' रजिस्टरात तो दिसला की बोट ठेवून विचारायच्या, "हितं समदे म्हंजे कोन कोन?"

पुढच्या निवडणुकीत मालकांचं पॅनल पडलं. गावात पहिल्यांदाच. लोक कौसाबाईंना उभं राहा म्हणत होते. त्या म्हणाल्या, "मीच खुर्चीत बसले तर मला कोन ईचारील?" त्यांचं म्हणणं किती पुढचं होतं ते दोनच वर्षांनी दिसलं. नव्या पॅनलच्या सरपंचानंही एका सभेचं इतिवृत्त घाईनं गुंडाळलं. त्यात मालकांचं नाव हजर म्हणून होतं, आणि मालक तर त्या दिवशी मुंबईत होते. भर सभेत मालक उठले, म्हणाले, "आधी वाचा." सगळे खो खो हसले. कौसाबाई हसल्या नाहीत. उभ्या राहून म्हणाल्या, "मालकाचं खरं हाय. वाचा." आणि वाचायला लावलं. हे मला खुद्द मालकांनीच शिरूरच्या स्टँडवर चहा पाजून सांगितलं. "बाईनं माझं समदं घालवलं, भाऊसाहेब," ते म्हणाले, "आन् त्या दिवशी माझ्या बाजूला बी तीच एकटी व्हती." त्यांच्या आवाजात राग शोधला, सापडला नाही. मयतीच्या दिवशी मालक खांदा द्यायला पुढे होते.

मयतीनंतर मी गावातून लगेच परतलो नाही. चार दिवसांवर एक मेची ग्रामसभा होती. पाडवा होऊन गेलेला, टोळ्या आलेल्या, गाव भरलेलं. शाळेचं मैदान तेच, पण आता तिथे पत्र्याचा मांडव आहे. ग्रामसेवक म्हणून आता एक तरुण बाई आहेत, आडस्कर नावाच्या. मी मागे खाली बसलो. पहिला विषय श्रद्धांजलीचा. त्यांनी घरून व्यवस्थित लिहून आणलेला ठराव वाचायला घेतला. "गावच्या ज्येष्ठ रहिवासी कौसाबाई यांचे अल्पशा आजाराने दुःखद निधन झाले. त्या अत्यंत कष्टाळू, मनमिळाऊ व शांत स्वभावाच्या होत्या..."

"थांबा मॅडम," पुढच्या रांगेतून एक बाई म्हणाली. मॅडम थांबल्या. "शांत कवा व्हती ती?"

मांडवात खसखस पिकली. दुसरी म्हणाली, "येक दिस बी न्हवती. खोटं कावून लिवायचं?" मॅडम गोंधळून म्हणाल्या, "अहो, असं लिहायची पद्धत असते..." तिसरी तोंडाला पदर लावून हसत होती आणि डोळेही पुसत होती. कुणीतरी म्हणालं, "आल्पशा बी खोडा. दोन साल आजारी व्हती." अश्विनी उठली. तिनं मान हलवली, खोडा म्हणून.

आडस्कर मॅडमनी पेन काढलं. 'अल्पशा' खोडलं, 'शांत' खोडलं, दोन्हीकडे समासात सही केली. मग म्हणाल्या, "शांतच्या जागी काय लिहू?" मांडवात थोडा वेळ चर्चा झाली. कुणी म्हणालं धीट, कुणी म्हणालं भांडकुदळ. शेवटी मालक बसल्या जागेवरून म्हणाले, "ईचारणारी. तेवढंच लिवा." कुणी हरकत घेतली नाही. हात वर झाले, मॅडमनी रांगेरांगेनं मोजले, मी निवृत्त आणि गावाबाहेरचा म्हणून माझा धरला नाही. मग त्यांनी कागद सरळ केला, घसा साफ केला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला सुरुवात केली.